काजूच्या टरफलातील फिनॉल

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या वाशी येथील मसाला बाजारात काजूगराचे घाऊक व्यवहार डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा प्रतींच्या नावांनी होतात आणि त्यांतील आकडा एका पौंडात किती अखंड गर बसतात ते सांगतो. साधारण चार किलो काजू बी फोडली की एक किलो गर हाती येतो. उरलेल्या वजनाचा मोठा हिस्सा टरफलाचा असतो, पण सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड किंवा गोवा येथील प्रक्रिया केंद्रांवरच ते मागे राहत असल्याने बाजाराच्या हिशेबात त्याला स्थान नसते. या टरफलातून निघणाऱ्या दाहक, काळपट तेलापासून मात्र मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरांना आणि जहाजांच्या पोलादी टाक्यांच्या लेपांना लागणारी बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर, तयार होतात. वनस्पतिजन्य पॉलिमरांच्या चर्चेत पिशव्या आणि ताटल्या यांनाच बहुधा प्राधान्य मिळते. उष्णता, दाब, ओल आणि घर्षण एकाच वेळी सोसावे लागणाऱ्या ठिकाणी असा पदार्थ कशाच्या बळावर टिकतो, हे समजून घ्यायचे तर काजूच्या तेलाइतके जुने आणि कसाला उतरलेले उदाहरण क्वचितच सापडेल.

या तेलाचा स्पर्धक वाशीच्या शेजारच्याच औद्योगिक पट्ट्याने पाहिलेला आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६८ मध्ये नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला आणि याच रस्त्यावरील हर्डिलिया केमिकल्सच्या कारखान्यात क्युमीनपासून फिनॉल तयार होऊ लागले. फिनॉल म्हणजे बेंझिनच्या वलयाला एक हायड्रॉक्सिल गट जोडलेला रेणू. त्याची फॉर्माल्डिहाइडशी अभिक्रिया घडवली की फिनॉलिक रेझिन मिळते, जे एकदा तापवून पक्के झाल्यावर पुन्हा वितळत नाही. ब्रेकच्या अस्तरातील तंतू, खनिजे आणि धातूची भुकटी यांना बांधून ठेवण्याचे काम हे रेझिन चोख करते; मात्र पक्के झाल्यावर ते ठिसूळ होते, त्याला लवचीकता राहत नाही आणि आघात व कंपन पचवण्याची त्याची क्षमता तोकडी पडते.

काजूच्या टरफलातही फिनॉलच असते, पण त्याच्या वलयाला पंधरा कार्बन अणूंची एक लांब शृंखला जोडलेली असते. कार्डॅनॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेणूचे वलय फॉर्माल्डिहाइडशी साध्या फिनॉलप्रमाणेच अभिक्रिया करते, तर शृंखला रेझिनला लवचीकता देते, पाण्याला दूर ठेवते आणि तिच्यातील दुहेरी बंधांमुळे जोडणीची आणखी एक वाट मोकळी करते. कार्डॅनॉलच्या सर्व रेणूंत या बंधांची संख्या सारखी नसते. काहींत एकही नसतो, तर काहींत एक, दोन किंवा तीन असतात. खनिज तेलापासून असा रेणू बनवायचा तर वलयावर नेमक्या जागी लांब शृंखला बसवण्याचा खर्च करावा लागेल. काजूचे झाड तो रेणू जवळजवळ तयार स्थितीत देते.

या प्रक्रियेचा पहिला टप्पा काजू कारखान्यातच पार पडतो. उन्हात वाळवलेली बी वाफेवर उकडून थंड केली जाते आणि नंतर हाताने व पायाने चालणाऱ्या कटरवर फोडली जाते. टरफलाच्या बाहेरच्या आणि आतल्या कठीण आवरणांमध्ये पोकळ कप्प्यांचा मऊ थर असतो आणि तेल याच कप्प्यांत साठलेले असते. फोडताना ते बोटांना लागले तर कातडी भाजून निघते, म्हणून हे काम करणाऱ्या स्त्रिया हातमोजे घालतात किंवा हाताला तेल अथवा राख लावतात. वेगळी झालेली टरफले एक्स्पेलरमध्ये, म्हणजे पिळाच्या यांत्रिक घाण्यात, दाबली जातात. टरफलाच्या वजनात साधारणपणे पाव हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक तेल असते, परंतु घाण्यातून ते सगळे निघत नाही. मागे राहणारी पेंड भट्टीत जाळण्यासाठी विकली जाते.

ताजे तेल पॉलिमर करण्याच्या कामाचे नसते, कारण त्यातील सर्वांत मोठा घटक कार्डॅनॉल नसून अॅनाकार्डिक आम्ल असते. तेल तापवल्यावर या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरते. या बदलाला डीकार्बॉक्सिलेशन म्हणतात. कागदावर ही अभिक्रिया सोपी वाटते, पण प्रत्यक्षात भांड्यातील तेल वायूमुळे फेसाळून वर चढते, त्यामुळे भांडे अर्धवटच भरावे लागते आणि तापमान टप्प्याटप्प्याने वाढवावे लागते; ओल राहिली असेल तर फेस अधिकच येतो. त्यानंतर निर्वात ऊर्ध्वपातन केले जाते, म्हणजे हवेचा दाब अत्यंत कमी करून २०० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात कार्डॅनॉलची वाफ वेगळी काढली जाते. नेहमीच्या दाबाखाली हे करू पाहिले तर उकळण्याआधीच रेणू एकमेकांना जोडले जाऊन भांड्यात चिकट गोळा शिल्लक राहील. थंड होऊन बाहेर पडणारे कार्डॅनॉल फिकट पिवळे असते आणि साठवणीत ते हळूहळू लालसर होते. तळाशी राहणारा दाट काळा अवशेषही वाया न जाता स्वस्त रेझिन आणि लेप यांसाठी वापरला जातो.

ब्रेकसाठी यापासून घर्षण भुकटी तयार केली जाते. कार्डॅनॉल किंवा प्रक्रिया केलेले तेल आम्ल उत्प्रेरकासह तापवले की शृंखलांमधील दुहेरी बंध एकमेकांशी जोडले जाऊन द्रव दाट होत जातो, आणि त्यानंतर पॅराफॉर्माल्डिहाइड किंवा हेक्सामिन घालून वलयेही परस्परांशी बांधली जातात. अभिक्रिया कुठवर आली हे ओळखण्यासाठी नमुना तापलेल्या पोलादी पाटावर सळईने घोटला जातो. साखरेच्या पाकाप्रमाणे त्याला आधी तार येते आणि पुढे ती तुटू लागते, आणि तोवर लागलेल्या सेकंदांची नोंद म्हणजेच त्या रेझिनचा जेल काल. हा काल फार लांबला तर साच्यातील रेझिन दाबाखाली वाहून जाते. फार आखूड झाला तर साचा भरण्याआधीच ते घट्ट होते. पुढे हे मिश्रण तसराळ्यांत ओतून भट्टीत पक्के केले जाते, रबरासारख्या कडक वड्या फोडून दळल्या जातात आणि चाळण्यांमधून ठरावीक आकाराचे कण वेगळे केले जातात. दळताना निर्माण होणारी उष्णता आणि हवेत तरंगणारी ज्वलनशील धूळ यांचा संयोग स्फोटक ठरू शकतो, त्यामुळे थंडावा आणि धूळ शोषण्याची व्यवस्था इथे अनिवार्य असते. कण पुरेसे पक्के झाले आहेत की नाही हे अॅसिटोनच्या साहाय्याने तपासले जाते. अॅसिटोनमध्ये जितका अधिक भाग विरघळेल तितकी जोडणी अपुरी राहिली असे समजले जाते.

अस्तरात मिसळल्यावर या कणांकडून दुहेरी अपेक्षा असते: थंड चाकावर त्यांनी मऊपणाने पकड द्यावी आणि किंचाळणारा आवाज कमी करावा, तसेच चाक तापल्यावर घर्षणगुणांक एकदम कोसळू देऊ नये. ब्रेक तापून पकड सुटण्याच्या या दोषाला फेड म्हणतात. तो मोजण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी एकीत एक चौरस इंचाचा तुकडा फिरत्या लोखंडी पिंपावर दाबून धरतात, पिंप सुमारे २९० आणि नंतर सुमारे ३४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते आणि थंड होताना पकड परत येते का हेही पाहिले जाते. ३०० अंशांच्या पुढे कार्डॅनॉलचे पॉलिमर स्वतःच विघटित होऊ लागतात, त्यामुळे भुकटीचे प्रमाण वाढवत नेले तर गरम अवस्थेतील पकड आणि अस्तराचे आयुष्य दोन्ही घटतात. म्हणून मिश्रण ठरवणाऱ्याला प्रत्येक टक्क्याचा विचार करावा लागतो.

दुसरा मोठा उपयोग लेपांचा आहे. कार्डॅनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि अमाइन यांच्या अभिक्रियेतून फिनाल्कामिन नावाचे संयुग मिळते, जे इपॉक्सी रंगाला पक्के करणारा घटक म्हणून वापरले जाते. अनेक अमाइन कमी तापमानात मंदावतात आणि दमट हवेत पृष्ठभागावर पांढुरका थर आणतात. फिनाल्कामिन मात्र थंडीतही आणि ओलसर पोलादावरही काम करते, कारण शृंखला पाण्याला अडवते आणि वलयाचा हायड्रॉक्सिल गट अभिक्रियेला वेग देतो. समुद्री जहाजांच्या टाक्यांना आणि किनाऱ्यावरील बांधकामांना हा गुण उपयोगी पडतो, आणि ठाणे खाडीकाठच्या दमट हवेत पोलाद रंगवणाऱ्याला त्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोकणातील मच्छीमार लाकडी होड्यांना काजूचे तेल लावत असत, तेव्हाही याच जलरोधी गुणाचा लाभ होत होता.

या तेलाचा औद्योगिक वापर आधुनिक पर्यावरणविचाराच्या पुष्कळ आधीचा आहे. अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यावर अनेक पेटंटे घेतली, आणि ब्रेकमधील वापराची परंपरा त्या काळापासूनची आहे. अलीकडच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रकाश वाडगावकर यांच्या गटाने कार्डॅनॉलपासून मिळणारी पंधरा कार्बनांची संपृक्त शृंखला पॉलिइमाइडसारख्या उष्णतारोधी पॉलिमरांत गुंफली. अशा पॉलिमरांची अडचण अशी की ते उष्णता सोसतात, पण सहजासहजी विरघळत किंवा वितळत नाहीत, आणि म्हणून त्यांना आकार देणे अवघड जाते. शृंखलेमुळे त्यांची विद्राव्यता वाढते, मात्र त्याबदल्यात ते मऊ होण्याचे तापमान काहीसे खाली येते.

याच्या तुलनेत पॉलिलॅक्टिक आम्लाचा प्रवास वेगळा आहे. साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून हे पॉलिमर बनवण्याचे प्रात्यक्षिक केंद्र प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे उभारले असून त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. वेष्टनांसाठी हे पॉलिमर उपयुक्त आहे, परंतु ते ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते, आणि उन्हात उभ्या मोटारीच्या आतला भाग तेवढा तापू शकतो. त्याच्या कच्च्या मालाचा पुरवठा मागणीनुसार वाढवता येतो, पण गुणधर्म सुधारण्यासाठी झगडावे लागते. काजूच्या तेलाची स्थिती नेमकी उलट आहे.

काजूची लागवड गरासाठी होते, टरफलासाठी नव्हे. वाशीत विकल्या जाणाऱ्या एक किलो गरामागे टरफल पावणेतीन किलोच्या घरात निघते, घाण्यातून त्याचे साधारण अर्धा किलो तेल मिळते आणि त्यातून सुमारे ३०० ग्रॅम कार्डॅनॉल हाती येईल. ब्रेक बनवणाऱ्यांची मागणी दुप्पट झाली म्हणून कोणी दुप्पट काजू खाणार नाही. त्यातच हे तेल बॉयलरमध्ये इंधन म्हणूनही जळते, आणि खनिज तेल महागले की रेझिनचा कारखाना व भट्टी या दोन्हींची नजर एकाच मालावर असते. शिवाय तयार रेझिनमधील फॉर्माल्डिहाइड आणि इपॉक्सी सहसा खनिज स्रोतातूनच येतात. म्हणून वनस्पतिजन्य अंश किती हे कार्बन-१४ मोजून ठरवावे लागते, कारण खनिज तेलातील हा किरणोत्सारी कार्बन लाखो वर्षांत संपून गेलेला असतो.

कार्डॅनॉल सर्व फिनॉलची जागा घेऊ शकणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच ठरेल. जिथे लवचीकता, जलरोध आणि घर्षणातील स्थैर्य यांची गरज साध्या फिनॉलने भागत नाही तिथेच त्याची किंमत वसूल होते. म्हणून हा मर्यादित पुरवठा भट्टीत जाळण्याऐवजी अशा कामांकडे वळवणे, आणि त्यासाठी कोकणातील विखुरलेल्या छोट्या कारखान्यांतील टरफल स्वच्छ, कोरडे आणि एकसारख्या प्रतीचे गोळा करणे, हे नवीन रेणू शोधण्याइतकेच निकडीचे काम आहे.