नाटकानें शेती शिकवितां येते काय ?

खरीपाच्या धानाची मळणी उरकली, म्हणजे आपल्या मोहाडीकडील गांवांत ढोलकीची थाप ऐकूं येते. खडी गंमत व दंडार हे झाडीपट्टीचे खेळ उघड्यावर, पडद्यावांचून होत आले आहेत. प्रेक्षक भोंवतीं बसतात आणि नट व शेतकरी यांत फारसें अंतर उरत नाहीं. अशा खेळांतून जमिनीस व पाण्यास जपणारी शेती शिकवितां येईल, असें पुष्कळांस वाटतें. येईल खरी, परंतु एखाद्या शहाण्या पात्राच्या तोंडीं उपदेश घातला, कीं लोक विडी ओढावयास उठतात!

मिठाच्या पाण्याचें उदाहरण घ्या. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत धानाचें बियाणें सोडलें, म्हणजे पोंचट दाणे तरंगतात व भरीव दाणे तळाशीं बसतात. तरंगणारे काढून टाकावे. खालचे दोनतीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत वाळवावे. हेंच पत्रकांत छापलें तर कोण वाचतो ? पण प्रवेशांतील घरधनिणीनें घमेलें पुढें आणून प्रेक्षकांपैकींच कोणाच्या घरचें मूठभर धान त्यांत टाकलें, तर मागचे लोकही माना उंचावून पाहतात. डोळ्यांदेखत तरंगलेला दाणा नाकारतां येत नाहीं.

रोवणीची गोष्ट याहून अवघड आहे. फ्रेंच जेझुइट पाद्री आंरी द लोलानिए यांनीं १९८३ च्या सुमारास मादागास्कर बेटांत एक लागवड-पद्धति बसविली. तींत ८ ते १२ दिवसांचें रोप एकएकटें, सुमारें २५ सेंटीमीटर अंतरावर लावतात व बांधींत पाणी सतत तुंबवून ठेवीत नाहींत. बियाणें थोडें लागतें, पाणी वांचतें. मात्र निंदण वाढतें. आजवर ज्यानें जुडीजुडीनें पऱ्हे रोवले, त्यास ती विरळ बांधी पाहून धडकीच भरते. पीक बुडालें तर कर्ज कशानें फेडावें ? निंदणास मजूर कोठून आणावे ? हे प्रश्न शेतकऱ्याच्या बायकोनें भर खेळांत नवऱ्यास विचारलेच पाहिजेत. ते गाळले, तर तें नाटक नव्हे, जाहिरात होय.

जोतीराव फुले यांच्या १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’ नाटकांत कुणबी नवराबायको आपली अडचण स्वतःच बोलतात आणि विदूषक मध्यें मध्यें टीका करतो. ब्राझील देशांतील नाटककार ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनीं तर प्रेक्षकालाच नट केलें. खेळ अडचणीपाशीं थांबवावयाचा. ज्यास वेगळा मार्ग सुचेल त्यानें पात्राच्या जागीं उभें राहून तो करून दाखवावयाचा. आपल्या खडी गंमतींत पडदा आडवा येत नाहीं, तेव्हां ही रीत येथें सहज रुजावी.

विद्यार्थ्यांनो, एक व्यावहारिक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवा. गंमतीचा हंगाम हिवाळ्याचा आणि खरीपाचे पऱ्हे टाकण्याची वेळ मृगाच्या सुमाराची. मध्यें पांच-सहा महिने जातात व पाहिलेलें विसरतें. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस चावडीपुढें तोच प्रवेश पुन्हां करावा. एक घमेलें, मीठ व शेजाऱ्याचें मूठभर धान, एवढें सामान त्यास पुरे.