अंगणातला गळका नळ

अंगणातला नळ टपटप गळू लागला की आपण काय करतो? जोर लावून आवळतो. दोन दिवस बरे जातात, मग गळती अधिकच वाढते. कारण आतला रबरी वायसर झिजलेला असतो. आवळल्याने तो आणखी चेपतो, फाटतो.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून जास्त पाणी. शिक्षकांनी नळाखाली माप ठेवून हा हिशेब मुलांकडून जरूर करवून घ्यावा.

दुरुस्ती सोपी आहे. आधी मागचा कॉक बंद करा. नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्या. पान्याने वरचा भाग सोडवून दांडी बाहेर काढा. तिच्या बुडाचा जुना वायसर दुकानी नेऊन त्याच मापाचा नवा आणून बसवा. पाणी तोंडातून न येता दांडीपाशी झिरपत असेल, तर तिथले नट जरासे आवळले की पुष्कळदा भागते. नवा वायसर घालूनही तोंडातून गळतेच, तर आतली बैठक खराब झाली असे समजा. मग नळच बदलावा. नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्याच दिशेने गुंडाळावी.

उन्हाळ्यात ज्या पाण्यासाठी आपण टँकरची वाट पाहतो, ते रात्रभर मातीत जाऊ देणे बरे नव्हे.