संशोधनाचा करार आणि वैद्याचा वाटा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांचा आदराने उल्लेख येतो. औषधींची नावे व रूपे त्यांना ठाऊक असतात. त्यांचा योग जाणणारा मात्र विरळा, असा तेथील आशय आहे. आज वनवासी आणि वैद्य यांच्या जोडीला विद्यापीठ, शासन व उद्योग हे तीन नवे भागीदार आले आहेत. ज्ञान कोणाचे, श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे आपल्या व्यवसायाशी थेट येऊन भिडतो.

या संदर्भात केरळातील ‘जीवनी’ औषधाची हकीकत प्रत्येक वैद्याने जाणून घ्यावी अशी आहे. १९८७ मध्ये केंद्र शासनाच्या सर्वेक्षण प्रकल्पातील शास्त्रज्ञ डॉ. पुष्पांगदन व त्यांचे सहकारी अगस्त्यमलैच्या अरण्यात हिंडत होते. बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे एका वनस्पतीची फळे खाऊन न थकता चालत असल्याचे त्यांनी पाहिले. ही वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा. पालोड येथील केरळ शासनाच्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यापासून बल्य औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला १० लाख रुपये शुल्क व विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या अटींवर सात वर्षांसाठी निर्मितीचा परवाना देण्यात आला. या उत्पन्नाचा निम्मा भाग संस्थेने काणी समाजाला देऊ केला व त्यासाठी १९९७ मध्ये विश्वस्त संस्था नोंदली गेली.

पुढे मात्र अडचणी आल्या. करार झाला तरी पाने गोळा करण्यास वनविभागाची संमती मिळणे कठीण झाले. द्रव्याच्या पुरवठ्याचा विचार आधीच व्हावयास हवा होता, हा यातील धडा होय.

आपल्या पुण्याशी निगडित दुसरे उदाहरण वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘नव सहस्रक’ योजनेचे आहे. प्रयोगशाळा, विद्यापीठे, रुग्णालये व उद्योग यांना एकत्र आणणाऱ्या या योजनेत संधिवाताचा विषय घेण्यात आला. डॉ. अरविंद चोप्रा, पुणे विद्यापीठातील प्रा. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी जानुगत संधिवाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांचे तुलनात्मक परीक्षण केले. शुंठी, गुडूची व आमलकी यांचा एक योग आणि त्यात सल्लकी मिळवून दुसरा योग, असे दोन योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी ताडून पाहिले. वेदना व कार्यक्षमता या बाबतींत ते तुल्य ठरले. त्याच वेळी आयुर्वेदीय योग घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताशी संबंधित एसजीपीटी वाढल्याचे व औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाल्याचेही २०१३ च्या निबंधात नोंदवले आहे. या शोधनिबंधाची प्रतिष्ठा आमच्या मते या प्रांजळ नोंदीत आहे.

आमचा स्वतःचा अनुभव याच्या उलट आहे. काही वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्याच्या प्रतिनिधीने विद्यापीठाच्या सहभागाचा हवाला देऊन संधिगत वाताच्या रुग्णांच्या नोंदी आमच्याकडे मागितल्या. लेखी काहीच नव्हते. शास्त्रकार्य समजून आम्ही नोंदी दिल्या. पुढे हाती आलेल्या माहितीपत्रकात उपशय मिळालेले रुग्ण तेवढे दिसले. अम्लपित्त वाढल्याने औषध सोडलेले रुग्ण गायब होते. चूक आमचीही होती. रुग्णांची संमती न घेता, करार न करता आम्ही नोंदी दिल्या होत्या.

जैवविविधता अधिनियमातील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना व संहिताबद्ध ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या तरतुदींतून सूट दिली आहे. कायद्याने सूट मिळाली म्हणून द्रव्य दाखवणाऱ्या वनवासीचे ऋण फिटत नाही, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

सहकार्यास आमचा विरोध नाही. त्यावाचून मोठी परीक्षणे होणे अशक्य आहे. परंतु स्वाक्षरीपूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात, अशी वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे : रुग्णाची संमती व गोपनीयता, अनुकूल-प्रतिकूल सर्व निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची हमी, आणि ज्ञान, द्रव्य व श्रम देणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. समोरचा पक्ष यांपैकी एकीलाही नकार देत असेल, तर आपल्या नोंदवह्या आपल्याच कपाटात राहू द्याव्यात.