नव्या मॅडमना कोण शिकवणार?

कुंडलच्या वन प्रबोधिनीत नवे वनक्षेत्रपाल येतात, तेव्हा त्यांच्या हाती लगेच जंगल सोपवत नाहीत. आधी महिनोन् महिने प्रशिक्षण असतं. शाळेत शिकवायचं तरी डी.एड., बी.एड. करावं लागतं. तिथं पाठ घेताना मागच्या बाकावर बसून कुणीतरी चुका टिपून घेतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर १९३५ मध्येच साताऱ्यात शिक्षक घडवणारं विद्यालय काढलं होतं. मग कॉलेजात शिकवणाऱ्यांचं काय?

एम.ए. किंवा एम.एस्सी. झाली, पुढे नेट, सेट किंवा पीएच.डी. झाली, की प्राध्यापक व्हायची पात्रता मिळते. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात शिकवण्याविषयीचे प्रश्न असतात खरे, पण ते कागदावर सोडवायचे. सत्तर-ऐंशी मुलांसमोर उभं राहायची सवय त्यातून कशी लागणार?

कुंडल, पलूस, तासगाव भागातली एखादी मुलगी घरातली पहिली पदवीधर असते. तिच्या नेमणुकीचे पेढे वाटले जातात. आई कौतुकानं म्हणते, ‘‘एवढं शिकलीस, आता तुला कोण शिकवणार?’’ खरी अडचण तिथंच असते! मागच्या बाकावरची मुलं हसायला लागली तर काय करायचं? प्रश्नपत्रिका कशी काढायची? बाळंतपण आलं तर पीएच.डी.चं काय? घरी हे विचारायला कुणी नाही. स्टाफरूममध्ये विचारावं, तर ‘एवढंही येत नाही?’ असं कुणी म्हणेल ही धास्ती. मग ती गप्प राहते आणि हळूहळू ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं मनात घेते.

सरकारी पातळीवर याचा विचार झालेला आहे. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८७ पासून ठिकठिकाणी केंद्रं सुरू केली. २०१८ च्या नियमांत नव्या सहायक प्राध्यापकांसाठी महिनाभराचं प्रशिक्षण आलं. २०१९ मध्ये त्याचा आराखडा ‘गुरु-दक्षता’ या नावानं निघाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांनी नव्यांना हात द्यावा, असंही सांगितलं. यालाच ‘मेंटरिंग’ म्हणतात. पण महिना संपतो आणि सोमवारी सकाळी वर्गात एकटीलाच जायचं असतं. तेव्हा हाकेच्या अंतरावर एक जाणती मॅडम हवी.

ही जाणती मॅडम म्हणजे पीएच.डी.ची गाईड नव्हे आणि विभागप्रमुखही नव्हे. आपला अहवाल लिहिणाऱ्या माणसासमोर कुणी अडचण मोकळेपणानं सांगत नाही. म्हणून दुसऱ्या विभागातली असली तर उत्तम. तिनं आधी नवीला आपल्या वर्गात बसू द्यावं, मग नवीच्या वर्गात मागं बसावं आणि चहा घेताना दोन गोष्टी सांगाव्यात : एक चांगली झालेली, एक सुधारायची. पंधरा दिवसांतून एकदा, वर्षभर एवढं केलं तरी पुष्कळ. याला खर्च काहीच नाही.

नियमसुद्धा तिनंच सांगावेत. पीएच.डी. करणाऱ्या महिलांना दोन वर्षांची जादा मुदत मिळू शकते. संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजाही घेता येते. हे माहीत नसेल, तर बाळ झाल्यावर नोंदणी सोडून देण्याची वेळ येते. २०१३ च्या कायद्यानुसार कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, हेही पहिल्याच आठवड्यात कळायला हवं.

आणखी एक. कॉलेजात कार्यक्रम ठरला, की रांगोळी, पाहुण्यांचं स्वागत, सूत्रसंचालन ही कामं बहुतेक वेळा नव्या मॅडमच्याच गळ्यात पडतात. कामं वाईट नाहीत, पण वाचन आणि संशोधन त्यात मागं पडतं. अशा वेळी ‘‘दोन कामं घे, तिसऱ्याला नाही म्हण,’’ असं सांगणारी पाठीशी हवी. मेंटरनं मात्र स्वतःचे पेपर नवीकडून तपासून घेऊ नयेत. तो आधार नव्हे, वेठबिगारी झाली!

या आधाराची सर्वांत जास्त गरज तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या मुलींना असते. त्यांना घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षीची खात्री नसते. ‘ती काय, कायम थोडीच आहे’ म्हणून तिला वगळू नये. तिच्यासमोर बसलेली मुलं तर पूर्ण फी भरूनच आलेली असतात ना?

मैत्रिणींनो, विटा, तासगाव, कराड, पलूस अशा गावांत निवृत्त प्राध्यापिका आहेत. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर जवळच्या कॉलेजातल्या एका नव्या मुलीचा फोन नंबर घ्या. आणि घरात लेक किंवा सून नवी ‘मॅडम’ झाली असेल, तर पहिलं वर्षभर तिच्या संध्याकाळचा एक तास उद्याच्या वर्गाच्या तयारीसाठी मोकळा ठेवा. तेवढा वेळ भाकऱ्या दुसऱ्या कुणी थापल्या म्हणून काही बिघडत नाही.