दिव्याचा पंखा घेताय? आधी हूक बघा

मुंब्रा-कौसा असो, कल्याण असो की डोंबिवली, आपल्यापैकी बहुतेकांचा हॉल म्हणजेच पाहुण्यांची, जेवणाची आणि झोपायची खोली. तिथेच मुलांचा अभ्यास, तिथेच दादीजानची तिलावत. ट्यूबलाइट पंख्याच्या पात्यांपेक्षा वर असेल तर पात्यांची सावली पानावर फिरत राहते. दिवा पात्यांखाली आला की ही कटकट जाते. म्हणून दिव्याचा पंखा अशा घरांना सोयीचा, हे आम्हालाही पटते.

पण दुकानात रंग पसंत करण्याआधी छताकडे बघावे. साधा पंखा चार-पाच किलोंचा; दिवा आणि रुंद पाती आली की वजन आणखी वाढते. हे सगळे ओझे स्लॅबमधल्या एका हुकावर, आणि खाली रात्री मुले झोपलेली. जुनी इमारत, गळकी गच्ची किंवा वरच्यांचे न्हाणीघर, त्यात खाडीची दमट हवा. हूक गंजतो आणि वरचा कप ते झाकून ठेवतो. कप खाली सरकवून बॅटरीने बघा. पापुद्रे सुटत असतील, हूक पातळ झाला असेल, भोवतीचे प्लास्टर फुगले असेल तर तिथे नवा पंखा नको. आधी गळती थांबवा, मग जाणकाराकडून स्लॅबच्या पक्क्या जागी नवा आधार बसवून घ्या. पीओपीच्या छताला तर पंखा टांगूच नये. वजन वरच्या स्लॅबनेच पेलायचे असते.

उंचीही मोजा. पाती जमिनीपासून किमान २.३ मीटर, म्हणजे साडेसात फूट वर हवीत. दुमजली पलंग असेल तर पंखा त्याच्यापासून दूरच हवा.

वायरमन बहुधा दुपारी येतो, तेव्हा घरात बायकाच असतात. त्यांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी: दिव्याची वायर वेगळी आहे का? जुन्या घरांत हुकापाशी दोनच वायरी असतात. दिवा त्याच लाइनवर जोडला तर रेग्युलेटर कमी करताच तो लुकलुकतो, लवकर जातो. स्वतंत्र बटणासाठी स्वतंत्र वायर हवी, शिवाय अर्थिंगची. रिमोटचा बीएलडीसी पंखा असेल तर रेग्युलेटर काढून थेट बटण द्यावे लागते. वीज महावितरणची असो की मुंब्र्यासारखी टोरंटची, मीटरपुढची वायरिंग आपली जबाबदारी. परवानाधारक माणूसच बोलवा, आणि काम सुरू होण्याआधी मेन स्विच बंद झाल्याची खात्री करा.

बीएलडीसी महाग पडतो खरा. पण साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, हा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे आहे, ते बघून घ्या.

बसवल्यावर वायरमनला लगेच सोडू नका. पंखा अर्धा तास पूर्ण वेगात चालवून बघा. डुलत असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी मेन स्विच बंद करून पुन्हा कप सरकवा आणि बोल्टची खिट्टी जागेवर आहे ना, तेवढे बघा.