सहा मिलिमीटरचा प्रश्न

बालरोगचिकित्सेत औषधाची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते. अंदाज चालत नाही. टायरच्या बाबतीतही मी तीच शिस्त पाळली. फोर्डने २०२१ साली भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तरी माझी जुनी इकोस्पोर्ट आजही बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाते. टायर झिजले तेव्हा २०५/६० आर १६ ऐवजी २१५/६० आर १६ बसवावेत, असा स्नेह्यांचा आग्रह होता. गणित मांडले. चाकाचा व्यास ६५२ वरून ६६४ मिलिमीटर होतो. गाडी मात्र त्याच्या निम्मी, म्हणजे सहाच मिलिमीटर उचलली जाते. स्पीडोमीटरवरील त्याच आकड्याला प्रत्यक्ष वेग सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासत नाही ना, हेही पाहावे लागते. घाटातले खड्डे सहा मिलिमीटरला दाद देत नाहीत. पावसात तारते ती टायरची खोल नक्षी आणि हवेचा योग्य दाब. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. तिथवर थांबूच नये. मी मूळ मापाचेच टायर घेतले. मागच्या आसनावर मुले असतात. त्यांच्या वतीने हा विचार आपणच करायचा असतो.