बेरीज न ठेवणारं यंत्र

एकशे आठ मणी, एक मेरुमणी आणि दोरा. जपमाळेत याहून जास्त काही नसतं. माळ मधल्या बोटावर घ्यायची, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही; माळ उलटी फिरवून आल्या वाटेने परत निघायचं. चांगल्या माळेत दोन मण्यांमध्ये गाठ असते. तिच्यामुळे मणी एकमेकांवर घासत नाहीत, दोरा तुटला तरी घरभर होत नाहीत, आणि बोटाला एका वेळी एकच मणी सापडतो. डोळे मिटलेले, हात गोमुखीच्या पिशवीत. म्हणजे बघून मोजायची सोयच नाही. सगळा हिशेब स्पर्शाचा.

आकडा १०८च का, याची कारणं ढीगभर सांगतात. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण, हे त्यातलं बरं. जैनांचा हिशेब मात्र कागदावर मांडून दाखवता येतो: अरिहंतांचे १२ गुण, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. तिबेटी बौद्ध मणी १०८ ओढतात, पण जमेला १००च धरतात. वरचे आठ चुकलेल्या, अडखळलेल्या जपापोटी सोडून द्यायचे. मला ही सूट फार शहाणपणाची वाटते.

एक गोष्ट मात्र या यंत्रात मुळातच नाही: एकूण. माळ पूर्ण झाली हे ती सांगते; ही कितवी माळ, ते नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पॉल नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी रोज ३०० प्रार्थना म्हणायचा. तो ३०० खडे मांडीवर घेऊन बसे आणि दर प्रार्थनेला एक टाकून देई. खडे संपले की दिवसाचं काम संपलं. खडे दोऱ्यात ओवून त्याची दोन्ही टोकं बांधली की संपणं संपतं. माळ गोल फिरत राहते.

कॅथलिकांच्या रोझरीने या गोलाला सुरुवात आणि शेवट दिला. तिचे ५९ मणी सारखे नाहीत. दहा-दहा ‘नमो मरिया’चे पाच गट, मध्ये ‘आमच्या स्वर्गीय बापा’चा सुटा मणी, आणि खाली लोंबणाऱ्या शेपटाला क्रूस. क्रूस हातात आला की आपण कुठे आहोत हे अंधारातही कळतं. प्रत्येक गटाबरोबर येशू-मरियेच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाचं, म्हणजे रहस्याचं, चिंतन. रहस्यं पूर्वी १५ होती, म्हणजे ‘नमो मरिया’ १५०. बायबलातली स्तोत्रंही १५०च, आणि ती वाचता न येणाऱ्या सामान्य माणसाला रोझरी हा पर्याय होता. २००२मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पाच रहस्यं वाढवली आणि तो जुना मेळ मोडला. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांत त्याने काही बिघडलं नाही. एका बैठकीत पाचच घ्यायची असतात. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना आजही पाळला जातो.

मुसलमानांची तसबीह ९९ मण्यांची, नाहीतर ३३ची. नमाजनंतर ‘सुभानल्लाह’, ‘अल्हम्दुलिल्लाह’, ‘अल्लाहू अकबर’ प्रत्येकी ३३ वेळा म्हणतात, म्हणून ९९च्या माळेत ३३व्या आणि ६६व्या मण्यानंतर वेगळ्या घडणीचा एकेक मणी येतो. हा जप बोटांवर मोजणंच उत्तम, असं मानणारे विद्वानही आहेत. आपल्याकडेही बोटांच्या पेरांवरची करमाळा आहेच.

‘एकूण’चा प्रश्न मात्र सुटला नाही. त्यासाठी लोकांनी माळेला माळ जोडली. तिबेटी माळेला दहा-दहा छोट्या मण्यांच्या दोन लड्या लोंबतात. एक माळ झाली की पहिल्या लडीतला मणी सरकवायचा. तिथले दहा सरले की दुसऱ्या लडीतला एक. वीस मण्यांत १० हजारांपर्यंतचा हिशेब बसतो. तिथल्या पूर्वसाधनेत एकेक गोष्ट लाख वेळा करायची असते, तेव्हा ही सोय हवीच. इस्कॉनच्या भक्ताला रोज १६ माळा, म्हणजे १,७२८ मंत्र. त्याच्याही जपाच्या पिशवीला मोजणीचे मणी लटकतात.

वारकऱ्याची माळ या सगळ्यांतून वेगळी. तुळशीच्या लाकडाचे मणी गळ्यात असतात, ते नुसते मोजण्यासाठी नव्हेत. माळ घातली की माणूस माळकरी झाला, त्याचं मटण-दारू सुटलं. गावजेवणात पंगत वाढणाऱ्यालाही ते लांबून कळतं.

आकड्यांची खरी हौस आपल्याला कोटींच्या जपात आहे. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी मंत्राचा १३ कोटी जप केला, असं परंपरा सांगते. भागाकार करून पाहिला तर रोजचे साधारण ३० हजार जप, म्हणजे पावणेतीनशे माळा. एका जपाला दोनच सेकंद धरले तरी साडेसोळा तास. स्नान, माधुकरी आणि झोप उरलेल्या साडेसात तासांत बसवायची. श्रद्धावान हा भागाकार करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तेरा अक्षरांना तेरा कोटी ही जोडी हिशेबनिसाने लावलेली नव्हे.

संकल्प सोडणारे आजही आहेत. कुणी वहीत रामनाम लिहून काढतात, कुणी बोटात अंगठीसारखा डिजिटल काउंटर घालतात. त्याला मेरुमणी नाही, गाठी नाहीत, पण माळेला कधीच न जमलेलं एकूण तो ठेवतो. तेही पाच आकड्यांपुरतंच. ९९,९९९नंतर तो परत शून्यावर येतो. १३ कोटींसाठी त्याला १,३०० वेळा यावं लागेल, आणि ते १,३०० कुठे मोजायचे हे पुन्हा ज्याचं त्याने बघायचं.